सहभागितेतल्या मंडळ्यांना आपापल्या भागात सुवार्तेसाठी कसं तयार करायचं?

प्रश्न: आमच्या सहभागितेत (एकत्र काम करणाऱ्या चर्चच्या गटात) बऱ्याच छोट्या मंडळ्या, म्हणजे चर्च, आहेत, वर्षातून एकदा मिळून मोठी सभा होते, बाहेरचे वक्ते येतात, साउंड, मांडव सगळं झकास, पण येतात ते आपलेच लोक. शेजारपाजारी सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगायची म्हटलं की सगळे पाळकांकडे (चर्चच्या धर्मगुरूंकडे) बघतात. काय करावं?

उत्तर १: सभा एक वर्ष बंद ठेवून बघा ना. बायबलमध्ये लूक १० मध्ये प्रभू येशूने शिष्यांना दोघादोघांना पाठवलं आणि घरं बदलत फिरू नका असंही सांगितलं, म्हणजे पत्रकं वाटून पसार होणं नव्हे, ओळख वाढवणं. दोन मंडळ्यांमधून एकेक जण घेऊन जोड्या करा, चुरस पण कमी होते.

उत्तर २: जोड्या ठीक, पण लोकांना बोलायलाच जमत नाही हा खरा प्रॉब्लेम. रविवारी उपासनेत एकाला पाच मिनिटं साक्ष द्यायला (येशूमुळे आयुष्यात काय बदललं ते सांगायला) लावा, बाहेरच्याला कळेल अशा साध्या भाषेत. बघा कशी तारांबळ उडते! बायबलमधल्या, विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईने कुठे ट्रेनिंग घेतलं होतं, घागर तिथेच टाकून त्याच्याबद्दल सांगायला गावात गेली.

उत्तर ३: कुणी आजारी असेल तर आधी मदत करा, विचारलं तर सांगा. १ पेत्र ३:१५ मध्येही उत्तर सौम्यतेनेच द्यायला सांगितलंय. पैशाचं, नोकरीचं आमिष अजिबात नको.

प्रश्नकर्ता: सभा बंद म्हटलं तर कमिटी पेटेल 😄 जोड्यांचं मीटिंगमध्ये मांडतो. पण नवीन माणूस कुणाच्या मंडळीत जाणार यावरून भांडणं होतील त्याचं काय?

उत्तर १: आधीच ठरवून टाका, त्याच्या घराजवळ जी मंडळी असेल तिथे.