पहिली हजेरी: वेल्डर, फिटर, टर्नर मंडळी, सांगा आपापलं

शिरोली नाका

काल रात्री साडेअकराला बहिणीचा फोन. भाचा उशीत तोंड खुपसून रडतोय, डोळ्यांत वाळू गेलीय म्हणतोय, धुऊन धुऊन डोळे लाल. मी म्हटलं त्याला दे. "आज काय केलंस?" "काही नाही मामा, सर वेल्डिंग मारत होते, मी नुसतं बाजूनं बघितलं." झालं. आयटीआयला वेल्डर ट्रेडला जाऊन त्याला तीन आठवडे झालेत.

फोन ठेवला आणि झोप गेली. १९९६ साल डोळ्यांपुढं. दहावीला इंग्रजीत उडालो. दुसऱ्या दिवशी वडिलांनी सायकलच्या कॅरियरवर बसवून उद्यमनगरात एका मेस्त्रींच्या शेडमध्ये नेऊन सोडलं. "हाडं आमची, मांस तुमचं" एवढं बोलले नि गेले. रोज २० रुपये, खाडा पडला की ते पण नाहीत.

सहा महिने हातात रॉड धरायचा होल्डर नाही. झाडलोट, चहा, अँगल धरून उभं राहायचं, छन्नी-हातोडीनं वेल्डिंगवरची खपली उडवायची. एक उडून गळ्याखाली बनियनमध्ये गेली होती, तो डाग अजून आहे. मेस्त्री दुपारी डबा खाऊन पोत्यावर आडवे व्हायचे. त्या वीस मिनिटांत मी भंगारातली पट्टी घ्यायचो आणि उरलेले रॉडचे तुकडे लावायचो. पहिल्याच दिवशी रॉड चिकटला. मशीन घूं करायला लागलं, रॉड तांबडा झाला, मी ओढतोय तर पट्टीच उचलून यायली. मागनं आवाज आला, "ओढू नको, मनगट मोड." मेस्त्री जागेच होते! मग उठून माझ्या हातावर हात ठेवला. दहा नंबरचा रॉड, मशीन शंभर-एकशेदहा अँपिअरवर. म्हणाले, "बघू नको, ऐक. कढईत भजी सोडल्यावर येतो तसा आवाज आला पाहिजे. तडतड झाली तर लांब गेलास, गप झाला तर बुडवलास."

आज माझं स्वतःचं छोटं शेड आहे, पाच पोरं आहेत. अजून मी आवाजावरच ओळखतो कोण चुकतंय ते. तर मंडळी, तुमची पहिली हजेरी कशी होती? कुठलाही ट्रेड चालेल.

खुळा रस्सा

बटाट्याचे काप ठेवायला सांगा भाच्याला. आमच्या गल्लीत शेजारच्या म्हशीचं दूध घालायचे डोळ्यांत. म्हैस पण वैतागली होती.

चष्मेवाली ताई

कृपा करून दूध, बटाटा, मध काही घालू नका. मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. वेल्डिंगच्या उजेडातल्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा पातळ पापुद्रा भाजतो. उन्हात पाठ भाजते तसंच. गंमत अशी की लगेच काही कळत नाही. सहा ते बारा तासांनी ठणका सुरू होतो, म्हणून हे सगळे पेशंट रात्रीच येतात आणि शपथेवर सांगतात की आज मी वेल्डिंग केलंच नाही. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत भरून येतं. खोलीत अंधार, मिटलेल्या पापणीवर गार पट्टी, चोळायचं अजिबात नाही. डॉक्टरांना एकदा दाखवा. आणि दवाखान्यात तपासताना जे बधिर करणारे थेंब घालतात ते मेडिकलमधून आणून घरी घालत बसू नका, दुखणं जातं पण जखम भरत नाही.

उन्हाचा गॉगल म्हणजे वेल्डिंगचा चष्मा नव्हे, हे पण सांगा त्याला.

शिरोली नाका

@चष्मेवाली ताई, धन्यवाद. सकाळी दाखवून आलेत. डॉक्टर हेच बोलले. आमच्या वेळी मेस्त्री म्हणायचे, तीनदा डोळे आल्याशिवाय वेल्डर होत नाही. किती खुळेपणा होता.

आर के नगरचा

इथं ग्रील-गेटवाले बरेच दिसतायत. माझ्या गेटचं खालचं बिजागर तुटलंय. घरी येऊन कोणी मारेल का? आणि नवीन ग्रील किलोवर काय भाव चाललाय?

गळीत हंगाम

आमचं वेगळंच. मी साखर कारखान्यात लागलो, हंगामी. पहिल्याच आठवड्यात रोलर आर्किंगला उभं केलं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मिलच्या रोलरचे दात घासले की ऊस पकडत नाही, घसरतो. त्यासाठी मिल बंद करत नाहीत. रोलर फिरतोय, वरनं उसाचा चुरा पडतोय, रस वाहतोय, आणि तुम्ही त्या ओल्या फिरत्या रोलरच्या दातांवर वेल्डिंगचे ठिपके टाकत बसायचं. ते ठिपके खरखरीत राहिले पाहिजेत, त्यावरच ऊस धरतो. म्हणजे आयटीआयमध्ये वर्षभर गुळगुळीत मारायला शिकलो आणि इथं मुकादम म्हणतोय, "लई चांगलं मारू नको रे!"

रात्रपाळी, अंगावर रसाचे शिंतोडे, बाह्या कडक होतात वाळून. घरी गेलो की मुंग्या लागायच्या कपड्यांना. तेव्हापासून चहा बिनसाखरेचा.

हंगाम संपला की पोटाचं काय हा प्रश्न. ऑफ सीझनला दुरुस्तीचं काम असतं, पण ठरावीक लोकांनाच घेतात. बाकीचे ट्रॉल्या करायला जातात नाहीतर शेतात.

खुळा रस्सा

मुंग्यांचं वाचून ठार हसलो. वैनी काय म्हणायच्या?

गळीत हंगाम

तेव्हा लग्न कुठं झालं होतं! तो वेगळा धागा काढावा लागेल. तीन ठिकाणी "मुलगा वेल्डर आहे" ऐकून चहा न पिता उठले लोक. चौथ्या ठिकाणी मामांनी "कारखान्यात इंजिनिअरिंग डिपार्टमेंटला आहे" असं सांगितलं. खोटं नाहीच ना ते.

दोन वेण्या

मी कागल फाइव्ह स्टार एमआयडीसीत सीओटू वेल्डिंग (रॉडऐवजी गॅस आणि गनवालं) करते, चार वर्षं झाली. आयटीआयच्या बॅचमध्ये आम्ही दोघीच मुली. पास झाल्यावर पहिल्या कंपनीत मुलाखतीला गेले, सर्टिफिकेट बघितलं, छान म्हणाले, आणि पॅकिंगला लावलं. आठ महिने खोकी चिकटवली. रोज विचारायचे, सर वेल्डिंग कधी. "बघू." शेवटी एका रात्री दोन पोरं आली नाहीत, डिस्पॅच अडकला, तेव्हा सुपरवायझर म्हणाले, येतं का गं तुला खरंच?

हँडग्लोव्ह पुरुषांच्या मापाचे. बोटांची टोकं रिकामी, गनचा ट्रिगर दाबताना ती आधी दुमडायची आणि मग दाबायचं. त्या रात्री बारा ब्रॅकेट केले. सकाळी तपासणाऱ्यानं दोन बाजूला काढले, मला वाटलं गेलं. तो म्हणाला, हे दोन नमुना म्हणून ठेवतोय.

नवीन मुलींना एकच सांगते, सुती कपडे. नायलॉनची ओढणी ठिणगीनं अंगाला चिकटते. मी बाबांचा जुना फुल शर्ट घालते. आणि वेणी आत.

चष्मेवाली ताई

वा गं! दोन नमुने 👏

आर के नगरचा

ताई तुम्ही गेटचं बिजागर करता का?

दोन वेण्या

दादा मी कंपनीत आहे 😄

लेथवरचा म्हातारा

वेल्डर लोकांचंच चाललंय. टर्नरचं कोण ऐकणार? १९८४ ला लागलो. पहिला महिना फक्त माप घ्यायचा व्हर्नियर वाचायचा. ०.०२ मिमीपर्यंत. चुकलं की वस्ताद पट्टी मारायचे, बोटांवर. दुसऱ्या महिन्यात जॉबवरनं निघणारी लोखंडाची निळी कातरण, चिप, हातानं ओढली, तर्जनी उघडली हाडापर्यंत. ती ओढायचा हूक शेजारीच टांगलेला होता. आता नातू विचारतो, आजोबा, सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेथवर, प्रोग्रॅम टाकला की झालं, एवढं काय त्यात? म्हटलं बाबा, टूल घासलंय का नाही ते कोण सांगणार तुझ्या प्रोग्रॅमला?

खंडेनवमीला मात्र सगळ्यांत मोठा झेंडूचा हार आमच्या लेथलाच. वेल्डिंग मशीनला उरलेली पाकळी.

शिरोली नाका

काका, पाकळी तरी देत होता, उपकार 🙏

दोहा रिटर्न

मी बाहेर सहा वर्षं काढली, पाइप वेल्डर. मुंबईला ट्रेड टेस्ट होती, ६जी म्हणतात ती. पाइप ४५ अंशात तिरपा बांधलेला, तो फिरवायचा नाही, आपणच त्याच्याभोवती फिरायचं. वर, खाली, आडवं, सगळं एकाच सांध्यात. आतला पहिला थर अर्गन गॅसच्या वेल्डिंगनं, वर ७०१८ नंबरचा रॉड. मग एक्स-रे. दोनदा नापास. दुसऱ्यांदा फिल्मवर बोट ठेवून दाखवलं, खालच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढी तीन छिद्रं. तीन टाचण्यांनी सहा महिने मागं नेलं.

कारण नंतर कळलं. ७०१८ चा रॉड ओलावा धरतो, तो भट्टीत तापवून गरम डब्यातनं एकेक काढून वापरायचा असतो. आणि मी सराव केला कुठं? इथं, जुलैत. पावसानं भिंतीला बुरशी आलेली आणि आमचे रॉड उघड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात!

जाणाऱ्या पोरांना सांगतो. दहावी पास नसाल तर पासपोर्ट ईसीआर होतो, आखातात कामाला जायचं तर सरकारी मंजुरी लागते. एजंट नोंदणीकृत आहे का हे ई-मायग्रेटच्या साइटवर दिसतं. त्यांना ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच शुल्क घेता येतं. माझ्याकडनं लाखाच्या वर घेतले, पावती शून्य. आईच्या पाटल्या गेल्या त्यात. परत केल्या, पण त्याच नव्हेत.

पोराची आई

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय. मुलाला दहावीला ६१ टक्के. हे म्हणतात डिप्लोमा कर, तो म्हणतो आयटीआय. वेल्डर घ्यावा की फिटर? खूप वाद चाललेत घरात. हातात भाकरी आहे, चुका झाल्या तर समजून घ्या.

फाइलवाला फिटर

ताई, वेल्डर एक वर्षाचा, फिटर-टर्नर दोन वर्षांचे. वेल्डरला आठवी पास पण चालतं, फिटरला दहावी लागते. त्याला विचारा, हातानं माप घेऊन जुळवायला आवडतं का आगीशी खेळायला. फिटरला पहिले काही महिने फक्त कानस. एक लोखंडी ठोकळा चौकोनी करायचा, गुण्या लावला की फटीतनं उजेड दिसता कामा नये. मला तीन आठवडे उजेड दिसत होता. ठोकळा पेढ्याएवढा झाला.

ट्रेड कुठलाही घ्या, नंतरची अॅप्रेंटिसशिप सोडू देऊ नका. आणि कंत्राटदाराकडं लागला तर पहिल्या महिन्यातच पीएफचा यूएएन नंबर मागायला लावा. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) पण बसते, त्याचं कार्ड. मला दोन वर्षं "येतंय, येतंय" म्हणाले. बोट चेमटलं तेव्हा कळलं माझं नावच कुठं नव्हतं.

पोराची आई

खूप आभार दादा. ह्यांना वाचून दाखवते. गुण्या म्हणजे काटकोन ना?

फाइलवाला फिटर

हो ताई.

गूळ मार्केट

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपचं शेड मारलंय का कोणी? मी अठराव्या वर्षी मारलं, दिवसभर, बंद गोडाऊनमध्ये. पांढरा धूर, तोंडात गोडसर चव. रात्री हुडहुडी भरली, तीन वाकळा घातल्या तरी दात वाजतायत. आईला वाटलं मलेरिया. सकाळी ठणठणीत! मेस्त्री म्हणाले जस्त चढलंय, गूळ खा नि दूध पी. आमचा गुळाचाच धंदा, म्हटलं त्यात काय, अर्धी ढेप खाल्ली.

चष्मेवाली ताई

गूळ खा, कोल्हापूरचाच खा, पण त्यानं जस्त जात नाही. ताप एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. तो परत येऊ नये म्हणून सांध्याजवळचा मुलामा आधी घासून काढा, दारं उघडा, मास्क लावा.

पाचगावकर

वाचत होतो, लिहू की नको असं चाललं होतं. माझे थोरले चुलते वेल्डर. मला त्यांनीच शिकवलं. डिझेलचा बॅरल होता, रिकामा. चार दिवस उन्हात उघडा ठेवलेला. त्याचं तोंड कापून पाण्याची टाकी करायची होती. गॅस कटर लावला.

बॅरलमधलं डिझेल गेलं होतं, वाफ राहिली होती. मी चहा आणायला गेलो होतो, किटली हातात असतानाच आवाज आला.

मी आजही वेल्डिंग करतो. बॅरल कुणाचाही आला तरी परत पाठवतो. लोक म्हणतात, अरे धुतलाय. असू दे.

गळीत हंगाम

🙏

दोन वेण्या

दादा...

लेथवरचा म्हातारा

लिहिलंस ते बरं केलंस, बाळा.

शिरोली नाका

पाचगावकर, माझ्या शेडमध्ये तुमची पोस्ट पोरांना वाचून दाखवली. मागच्या महिन्यात एकजण असाच बॅरल घेऊन आला होता, आम्ही कापून दिला. तेवढंच सांगतो.

भाच्याचे डोळे उघडले. म्हटलं सोडतोस का? तर म्हणतो, "मामा, तो भज्यांचा आवाज मला अजून आला नाही." सोमवारी आमची सुट्टी असते, त्याला शेडवर बोलावलंय. तोंडापुढं धरायची नवीन काचेची स्क्रीन आणलीय, भंगारातल्या पट्ट्या काढून ठेवल्यात. आर के नगरवाले दादा, बिजागर तिथंच घेऊन या. भाचा मारेल, मी बघतो.

आर के नगरचा

येतो की. पण तुम्हीच मारा, भाचा बघू दे. काचेतनं.