घरी केलेली चार्म ब्रेसलेट आणि आपली खारी हवा : तुमचे अनुभव लिहा

मुलीच्या नादाने मीपण चार्म ब्रेसलेट, म्हणजे छोटी लटकनं (चार्म) अडकवलेली हातातली साखळी, करायला लागलेय. साखळी, जंप रिंगा (चार्म अडकवायच्या बारीक, एका जागी कापलेल्या कड्या), चार्म, लॉबस्टर हुक (साखळी बंद करायचा स्प्रिंगवाला हुक), सामान एवढंच. पण तीच साखळी बहीण पुण्यात वर्षभर घालते न् इकडे रत्नागिरीत माझी पावसाळा संपायच्या आत हिरवी! किनाऱ्यावर राहून हे करणाऱ्यांनी लिहा बाई, काय टिकतं, चार्म कशाचे करता.

अलिबाग
पितळेवर सोनेरी पाणी दिलेलं इकडे नकोच, वरचा थर गेला की पितळेतल्या तांब्याला हिरवं चढतं. स्टेनलेस स्टील घे, जमलं तर ३१६ नंबरचं, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून मिठाला ३०४ नंबरच्या स्टीलपेक्षा जास्त पुरून उरतं. रिंग उघडायला दोन पकडी लागतात, न् तोंड फाकवायचं नाही, एक टोक पुढे एक मागे असं वळवायचं न् तसंच परत आणायचं. फाकवलेली रिंग पुन्हा नीट गोल होत नाही, फट राहते, न् मग चार्म पडतो तो बरोब्बर एसटी स्टँडच्या गर्दीत. माप घेताना मनगटापेक्षा दोनेक सेंटीमीटर जास्त.

सावंतवाडी
मी ओळखीच्या कारागिराकडून लाकडी आंबा, काजू, फणस करून घेते, बोराएवढे. वर बारीक स्क्रूची कडी फिरवून बसवायची, मुळाशी गोंदाचा थेंब. लाकूड हलकं, त्यामुळे सात-आठ लावले तरी हात भरत नाही. सासूबाई म्हणाल्या, "ह्या काय गो? बैलाच्या गळ्यातला वाटता!" तरी काजूवालं स्वतःला ठेवून घेतलं.

मालवण
आमच्याकडे जेवणात तिसऱ्या (खायचे शिंपले) झाल्या की शिंपले माझे. उकळायचे, ब्रशने घासायचे, कडक उन्हात वाळवायचे. भोक पाडताना शिंपला ताटलीतल्या पाण्यात बुडवून, बारीक डायमंड बिटने (हिऱ्याची पूड लावलेलं ड्रिलचं टोक), बॅटरीवरच्या ड्रिलने (पाणी आहे, वायरवालं नको), अजिबात न दाबता. कोरडं पाडाल तर ती धूळ फुफ्फुसाला वाईट, मास्क हवाच. आणि प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलू नका हं, २००१ पासून तो वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. इकडे तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तरी पर्यटक पिशव्या भरून नेतात, बघून जीव जळतो नुसता.

वेंगुर्ला
सुरंगीची फुलं रेझिनमधे, म्हणजे ओतल्यावर काचेसारखं कडक होणाऱ्या पातळ द्रवात! फूल सिलिका जेलमधे (ओल शोषणारे दाणे) पूर्ण सुकवायचं, जरा ओल राहिली तर आत काळं पडतं. दोन भाग मिसळायचं इपॉक्सी रेझिन जुलै-ऑगस्टला करूच नये, दमट हवेत वरून चिकट नाहीतर पांढुरकं राहतं. युव्ही रेझिन अतिनील (युव्ही) दिव्याखाली काही मिनिटांत कडक होतं, फक्त थर पातळ द्यायचे. हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून, न् स्वयंपाकघरात तर नाहीच.

गुहागर
गुंजा दिसतात झकास, पण बी विषारी असते, न् भोक पाडलं की आतलं उघडं पडतं. पोरं सगळं तोंडात घालतात, मी तरी वापरत नाही. बाकी ब्रेसलेट काढलं की कोरड्या फडक्याने पुसून झिपच्या पिशवीत, सोबत औषधाच्या बाटलीत येते ती सिलिकाची पुडी. आणि समुद्रावर जाताना घरी काढून ठेवा म्हणजे झालं.