उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांनी आधी कुठे जावं, जहांगीरला की नेस्कोला?

ठळक_टाईप
उपयोजित कलेच्या मुलांना कॉलेजं जहांगीर आर्ट गॅलरी, एनजीएमए (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय), काळा घोडा फेस्टिव्हल दाखवून आणतात. पण गोरेगावला नेस्कोच्या प्रदर्शन केंद्रात छपाईचं किंवा साईनेजचं (पाट्या-फलकांचं) मोठं प्रदर्शन भरलं, तर वर्गात कुणी नावही काढत नाही. मला हे चुकीचं वाटतं. आपल्यातले बहुतेक जण पुढे पॅकेजिंग, पुस्तकं आणि जाहिरातींवरच पोट भरणार आहेत. छपाई यंत्रांच्या 'पामेक्स'सारख्या प्रदर्शनात चालू मशीन समोर दिसतं. स्क्रीनवर झळाळणारा निळा चार रंगांच्या छपाईत मंद का होतो, कोटिंग नसलेला कागद शाई कशी पितो, ग्रेनच्या, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेच्या, विरुद्ध घडी घातली की जाड कागद कसा तडकतो, हे तिथे हातात घेऊन बघता येतं. वर्गात आम्ही फक्त जीएसएमची (कागदाचं दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) व्याख्या पाठ करतो. माझ्या मते नेस्को आधी, गॅलरी नंतर.

कॅनव्हास_गिरगाव
अजिबात पटलं नाही. मशीन दहा वर्षांत बदलेल, नजर आयुष्यभर लागते. जहांगीर १९५२पासून उभी आहे, प्रवेश फुकट, आणि बहुतेक वेळा चित्रकार स्वतः चित्रांजवळ बसलेला असतो. त्याला खुशाल विचारा, हा रंग आधी लावला की नंतर? इतकी सोय दुसरीकडे कुठे आहे?
चित्रकार वासुदेव गायतोंडे १९४८ साली जे.जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडले. रोलरने आणि पॅलेट नाइफने (रंगाच्या सुरीने) रंग लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा, अशी त्यांची पद्धत. ते थर छापील पुस्तकात सपाट होतात. मूळ चित्रापुढे उभं राहून, जरा बाजूला सरकून बघितलं तरच कळतात. स्टॉलवरची माणसं माल खपवायला बसलेली असतात, ती तुम्हाला बघायला कशाला शिकवतील?

लोअर_परळ_प्रेस
सर, मी स्वतः स्टॉलवर उभा राहतो म्हणून बोलतो. विकणारा माणूसच सगळ्यात जास्त सांगतो, फक्त त्याला वेळ असायला हवा. पहिल्या दिवशी खरेदीदार असतात, तेव्हा येऊ नका. शेवटच्या दिवशी दुपारनंतर या. बरीच प्रदर्शनं फक्त व्यापाऱ्यांसाठी असतात आणि काही ठिकाणी अठरा वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत, तेव्हा नियम वाचून, ऑनलाइन नोंदणी करून या. पिशव्या आणि कॅटलॉग गोळा करत फिरणाऱ्या मुलांशी आम्ही काय बोलणार? स्वतःचं एखादं डिझाइन छापून आणा आणि यात काय बिघडेल ते विचारा.
चार रंगांच्या गडद पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरं, ही फाईल मुलांकडून हमखास येते. रजिस्ट्रेशन, म्हणजे चारही रंगांचे ठसे एकमेकांवर नेमके बसणं, केसभर हललं की अक्षर भरून जातं. हे कुठल्याच गॅलरीत कळणार नाही.

कसारा_लोकल
तुम्ही सगळे शहरातले दिसता. आमचा विद्यार्थी पास घर ते कॉलेज एवढाच चालतो. गोरेगावला जायचं तर दादरला गाडी बदला, वेगळं तिकीट काढा, आत गेल्यावर खाण्याचे भाव बघा. परत यायला रात्र होते आणि घरी त्याचा जाब द्यावा लागतो. मुलींसाठी तर ही अडचण फार मोठी आहे.
कागदच बघायचा तर सीएसएमटीपासून चालत अब्दुल रहमान स्ट्रीटला जा. दुकानदार नमुने हातात देतात, बोटांनी चाचपून बघता येतात, आणि हे कुठल्याही कामाच्या दिवशी. जहांगीर सातला बंद होते, पण कॉलेजमधून चालत गाठता येते. ज्याला जे परवडतं तेच त्याचं 'आधी'.

ठळक_टाईप
ताई, कागदाबद्दलचं म्हणणं मान्य, बाजार उत्तमच. पण चालू मशीन तिथे दिसत नाही. म्हणून तर मी हे कॉलेजवर टाकतो आहे. पत्र देऊन गटाने प्रवेश मागावा, मुलामुलींना एकत्र न्यावं, प्रवासखर्च द्यावा. चित्रप्रदर्शनाला सहल निघते, मग याला का नाही?
सर, नजरेला माझा विरोध नाही. पण छापताना रंगाचं काय होतं हे कळणं, हीसुद्धा नजरच आहे ना?

कॅनव्हास_गिरगाव
आहे, पण पहिल्या वर्षाला नको, यावर मी ठाम आहे. नुकतंच फॉइल (चमकता मुलामा) आणि एम्बॉसिंग (उठावाची छपाई) बघून आलेलं पोर पुढचं प्रत्येक काम त्यानेच सजवतं. मांडणी कच्ची राहते आणि चमक तिला झाकते. तिसऱ्या वर्षी खुशाल न्या.

लोअर_परळ_प्रेस
तिसरं वर्ष उशीर होतो सर. तोपर्यंत बारीक अक्षरांची सवय हाताला बसलेली असते, ती मोडायला आमच्याकडे पहिलं वर्ष जातं.

कसारा_लोकल
दादा, मग आत्ताच सांगा. गडद पार्श्वभूमी हवीच असेल तर पांढरी अक्षरं किती जाड ठेवायची?

लोअर_परळ_प्रेस
आकडा कागदावर आणि मशीनवर ठरतो. बारीक सेरीफ (अक्षरांच्या टोकांच्या नाजूक रेघा) टाळा, जाड वळणाचं अक्षर घ्या, आणि जमलं तर पार्श्वभूमी एकाच रंगाची ठेवा. प्रत्येक रंगाची छपाईची प्लेट वेगळी असते; एकच प्लेट असली की सरकायला दुसरी नसते.