व्हॅलेन्सियात पाएयाचा क्लास: कोणता घ्यावा?

रानवारा:
मार्चमध्ये दोन दिवस स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात आहोत. पाएया, म्हणजे तिथला केशर घातलेला भात, शिकायचाय. बाजारफेरीसकटचा क्लास घ्यावा का? नवरा शाकाहारी आहे.

तिखटमीठ:
सकाळचाच घ्या. पाएया तिथे दुपारी खातात, आणि मेर्कादो सेंत्राल (तिथला मुख्य बाजार) ३ वाजता बंद होतं, रविवारी उघडतच नाही. १५ ते १९ मार्च फायास उत्सव, तेव्हा आधी बुकिंग करा. स्वतःला ढवळायला मिळणार की नुसतं बघायचं, तेही विचारून घ्या.

पळीपंचपात्र:
ढवळायचं नसतंच, तीच तर मेख! कोंबडी-ससा मीठ घालून ऑलिव्ह तेलात मंद आचेवर पुरता खरपूस करायचा. इथे घाई केली की रस्सा फिकाच राहतो. मग चपट्या शेंगा, गार्रोफो (मोठे पांढरे वाल), किसलेला टोमॅटो. पाप्रिका (सौम्य लाल मिरचीपूड) घातली की लगेच पाणी, नाहीतर ती करपून कडवट होते. केशर, उकळी. बोंबा (तिथला आखूड दाण्याचा) तांदूळ माणशी १०० ग्रॅम, पाणी साधारण तिप्पट. तांदूळ एकदा पसरला की चमचा बाजूला. ढवळला तर स्टार्च सुटून गिचका होतो. १८-२० मिनिटं. शेवटी आच वाढवून तडतड ऐकू आली की तळाला सोकारात, म्हणजे खरपूस खरवड, धरतो. कांदा, चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) घालणारा क्लास असेल तर सोडा.

तिखटमीठ:
शाकाहारी पाएयात आर्टिचोक, फ्लॉवर, शेंगा असतात. पण कढई वेगळी आणि रस्सा भाज्यांचाच हवा, हे लेखी कळवा. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर कोंबडीचा रस्सा पडू शकतो.