रुग्णालयाचं सांडपाणी: ‘क्लोरीन ओतला की झालं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

गाळटाकी
कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलं की रुग्णालयाचं सांडपाणी घरच्यासारखंच, शेवटी क्लोरीन ओतला की झालं, वेगळा प्रकल्प म्हणजे उधळपट्टी. अठरा वर्षं ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) चालवतोय, गप्प बसवेना. पाण्यात अमोनिया आणि सेंद्रिय घाण असली की क्लोरीन आधी तिच्यावरच खर्ची पडतो. जंतूंसाठी उरतात ती क्लोरीन-अमोनियाची संयुगं, क्लोरामीन, आणि ती फारच दुबळी. डोस वाढवा, तर ट्रायहॅलोमिथेन नावाची घातक संयुगं तयार होतात. क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब घडवणाऱ्या परजीवीला नेहमीच्या डोसाने ढिम्म फरक पडत नाही. औषधांचं तर विचारूच नका. फिट्सवरचं कार्बामाझेपीन टाकीत जेवढं शिरतं, जवळपास तेवढंच बाहेर पडतं. रुग्णालयाच्या सांडपाण्यात डीएनएला इजा करणारं नेमकं काय, याचा 1998 मध्ये शोध घेतला तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सापडलं. हे घरच्यासारखं?

उलटा_प्रवाह
तो ‘एक’ मी. सरळ नाव घ्यायचं होतं. बहुतेक औषधं लोक घरी घेतात आणि ती घरच्याच संडासातून जातात. रुग्णालयाच्या दारात काहीही बसवा, नदीत जाणारा मोठा वाटा तसाच राहणार. स्वित्झर्लंडने 2016 पासून शहरांच्या निवडक सांडपाणी केंद्रांवर ओझोन आणि सक्रिय कार्बन बसवायला घेतला, 80 टक्के सूक्ष्मप्रदूषकं (औषधांसारखी अगदी थोड्या प्रमाणातली रसायनं) काढण्याचं बंधन घालून. त्याआधी तिथल्याच एका रुग्णालयात एमबीआर (जिवाणूंची टाकी आणि गाळणारा पडदा) लावून पाहिला होता. औषधांचा भार घटला फक्त 22 टक्के!

गाळटाकी
अर्धंच सांगताय. त्या भारात 80 टक्क्यांहून जास्त वाटा सीटी स्कॅनच्या आयोडीनवाल्या कॉन्ट्रास्टचा, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून टोचतात त्या द्रवाचा, होता. ते लघवीतून जसंच्या तसं बाहेर येतं, आणि टाकीतल्या जिवाणूंना ते पचत नाही. त्यावरून अख्खी पद्धत मोडीत काढायची?

सूक्ष्मदर्शी
मग कॉन्ट्रास्ट दिलेल्या रुग्णाची लघवी 24 तास पिशवीत गोळा करा. पाण्यात मिसळलंच नाही तर काढायचा प्रश्नच नाही.

रात्रपाळी_सिस्टर
कोण गोळा करणार? लिहिणारे तुम्ही, पिशव्या उचलणाऱ्या आम्ही. स्कॅनचे कितीतरी रुग्ण लगेच घरी जातात, त्यांच्या मागे कोण धावणार?
आणि तुम्ही सगळे शेवटच्या टाकीवर भांडताय. आमच्या आयसीयूत एकामागून एक तीन रुग्णांना औषधांना दाद न देणाऱ्या त्याच हट्टी क्लेबसिएला जिवाणूचा संसर्ग झाला. आमचे हात तपासले, मोजे तपासले, दोघींना लेखी समज दिली. शेवटी तो सापडला हात धुण्याच्या बेसिनखालच्या वाकड्या पाइपात. बुळबुळीत थर चढत चढत जाळीपर्यंत आला होता, नळ सोडला की शिंतोडे थेट ट्रॉलीवर. समज मात्र आजही आमच्या फाइलला आहे.

निवासी_डॉक्टर
सिस्टर, त्याच बेसिनमध्ये उरलेलं डेक्स्ट्रोज कोण ओततं तेही सांगा. साखर मिळाली की तो थर दिवसाला इंचभर वर चढतो, प्रयोगात मोजलेलं आहे.

रात्रपाळी_सिस्टर
आम्ही ओततो. आणि तुम्ही चहा ओतता, डॉक्टर. रात्री दोघींवर अख्खा वॉर्ड असतो, स्ल्यूस रूम (घाण पाणी ओतायची खोली) दुसऱ्या टोकाला. रुग्ण सोडून सलाईन ओतायला जायचं का?

निवासी_डॉक्टर
चहाचं खरं आहे. पण दोष फक्त आमच्यावर ढकलू नका.

सूक्ष्मदर्शी
बेसिनचे नमुने लावणारी मी. ट्रॅप, म्हणजे तो वाकडा पाइप, बदलला की काही आठवडे स्वच्छ, मग तोच जंतू परत. मागची पाइपलाइन भरलेली असते ना. ब्लीचने वरचा पापुद्रा जातो, आतले जिवंत राहतात.

उलटा_प्रवाह
बरं, जंतूंपुरतं मागे घेतो. प्रतिकारक जंतू रुग्णालयातून जास्त निघतात आणि ते तिथेच अडवणं शहाणपणाचं. क्लोरीनचं वाक्य घाईत लिहिलं. औषधांबाबत मात्र हटणार नाही, ते काम शहराच्या केंद्राचंच.

गाळटाकी
कॉन्ट्रास्टपुरतं तुमचं धरतो, ओझोननेही ते नीट तुटत नाही. पण एमबीआरचा पडदा जिवाणू अडवतो, म्हणून तो हवाच. फक्त अडवलेलं सगळं गाळात साठतं. तो गाळ निर्जंतुक न करता शेतात जाऊ देणार नसाल तरच प्रकल्प बांधा, असं मी व्यवस्थापनाला दोनदा लिहून दिलंय. उत्तर नाही.

रात्रपाळी_सिस्टर
मीही लिहून दिलंय. प्रत्येक वॉर्डात उरलेलं ओतायला वेगळं सिंक, रुग्णाच्या खाटेपासून लांब. ते बसवा, मग पिशव्यांचं बोलू.