शर्यतीच्या वेळेवरून सरावाचा वेग कसा ठरवावा?

ऐरोलीकर:
डिसेंबरमध्ये पाम बीच रस्त्यावर एका शर्यतीत मी १० किलोमीटर ५० मिनिटांत धावलो. एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ सांगणाऱ्या रीगेल यांच्या सूत्रात, म्हणजे अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात घेऊन जुन्या वेळेला गुणल्यावर, पूर्ण मॅरेथॉनसाठी ३ तास ५० मिनिटे येतात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी मात्र माझे लक्ष्य साडेतीन तासांचे आहे. सराव आजच्या वेळेवर बेतावा की लक्ष्यावर?

येऊर पायथा:
आजच्या वेळेवरच. धावण्याचे प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांच्या तक्त्यात शर्यतीच्या वेळेवरून व्हीडॉट हा क्षमतेचा अंक काढतात. आपली वेळ व्हीडॉट ४० ला, म्हणजे १० किलोमीटरच्या ५०:०३ ला, जवळपास तंतोतंत जुळते. त्या अंकाला टेम्पो धावेचा, म्हणजे दमवणाऱ्या पण सलग टिकवता येणाऱ्या धावेचा, वेग किलोमीटरला ५:०६ मिनिटे आणि इंटरव्हलचा, म्हणजे मध्ये विश्रांती घेत मारलेल्या छोट्या वेगवान धावांचा, ४:४२ असा येतो. व्हीडॉट हा प्रयोगशाळेत मोजलेला व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते त्याचे माप, नव्हे. धावण्यातली काटकसर, म्हणजे ठरावीक वेगाला किती कमी ऊर्जा लागते, तीही त्यात मिसळलेली असते, म्हणूनच तो आपल्या कामाचा. साडेतीन तासांसाठी रीगेल यांच्याच सूत्राने १० किलोमीटर साडेपंचेचाळीस मिनिटांच्या आसपास यायला हवेत. तोवर लक्ष्याच्या हिशेबाने येणाऱ्या वेगाने टेम्पो केल्यास तो टेम्पो न राहता दर आठवड्याची शर्यत होईल. एक विनंती: येऊरच्या चढावरची वेळ तक्त्यात घालू नये. मी घातली होती आणि महिनाभर स्वतःला फार कमी लेखत राहिलो.

नेरूळचा कासव:
वरील मताशी सहमत आहे, पण ३:५० हा आकडाही उदारच वाटतो. घातांक १.०८ धरला तर तीच वेळ सुमारे ३:५७ होते. एवढ्याशा फरकाने सात मिनिटे! दर आठवड्याला लांब धाव नसेल, तर १० किलोमीटरच्या वेळेवरून मॅरेथॉनचा अंदाज बहुधा फसतो, कारण तिसाव्या किलोमीटरनंतरच्या अंतराची परीक्षा त्या शर्यतीत झालेलीच नसते. त्यापेक्षा पावसाळा सरल्यावर अर्धमॅरेथॉन धावून नवा अंक काढावा.

ऐरोलीकर:
लांब धाव सध्या १४ किलोमीटरच्या पुढे गेलेली नाही, हे कबूल करतो. मेच्या दमट सकाळी ५:०६ चा वेग दुसऱ्या किलोमीटरलाच सुटतो. अंक कमी धरावा का?

येऊर पायथा:
अंक तोच ठेवावा, वेग सोडावा. डिसेंबरच्या गारव्यात ५:०६ ला जेवढा दम लागत होता, तेवढाच दम लागेल अशा बेताने धावावे, मग घड्याळ ५:२५ दाखवो की ५:३०.