निपरला धार लावणं म्हणजे पेशंटच्या पायाशी खेळ नव्हे

नखशिखांत

‘निपर (नखं कापायची पक्कड) बोथट झाला की टाकून द्या. धार लावून वापरणं म्हणजे पेशंटच्या पायाशी खेळ.’ रुतलेल्या नखांवरच्या चर्चेत काल हे विधान झालं आणि कुणीच हरकत घेतली नाही, म्हणून हा वेगळा धागा. चांगल्या पोलादाचा, बॉक्स जॉइंटचा (एक जबडा दुसऱ्यातून आरपार गेलेल्या मजबूत सांध्याचा) निपर निव्वळ धार गेली म्हणून फेकणं मला पटत नाही. त्याहून जास्त खटकतं ते हे, की निपर खरंच बोथट झालाय का, हेच कुणी तपासत नाही.

निपर मिटून उजेडासमोर धरा. टोकं आधी टेकली पाहिजेत आणि मूठ जरा आवळली की मागची फट बुजली पाहिजे. कडा मागे भिडल्यात आणि टोकाशी उजेड दिसतोय, तर बिघाड जुळणीत आहे. मग एक जबडा घट्ट धरून दुसरा आडवा हलवून बघा. खुळखुळला तर सांध्याचा खिळा सैल आहे आणि कडा एकमेकींवर चढतायत. उघडमीट जड जात असेल तर सांध्यात नखाची भुकटी, वाळलेलं रक्त किंवा गंज अडकलाय. स्प्रिंगचं पान वाकलं तरी हाताला ‘निपर चालत नाही’ असंच वाटतं. हे सगळं ठीक असेल तर पातळ कागद फक्त टोकाने कापा. कागद दुमडून आत ओढला गेला, तर धार गेली. ती लावून घ्या, निपर टाकू नका.

कातरवेळ

तपासणी मान्य, निष्कर्ष नाही. धार लावणं म्हणजे धातू काढणं. दोन्ही कडा मागे सरकल्या की मुठी पूर्वीपेक्षा जवळ आल्याशिवाय त्या भेटत नाहीत, आणि मुठींमधला अटकाव आधीच टेकतो. तो अटकावही तेवढाच घासावा लागतो. किती कारागीर घासतात? कडा चकचकीत करून निपर परत येतो आणि नख कापण्याऐवजी चिमटतो. चिमटलेलं नख चिरतं, चीर कडेच्या मांसापर्यंत जाते. मधुमेही पेशंटच्या पायाला संवेदना नसेल तर तो पाय मागे घेत नाही, जखम नंतर कळते. हा धोका का पत्करायचा?

आणि बारीक टोकाचे निपर? टोक निमुळतं असतं म्हणूनच ते रुतलेल्या नखाखाली सरकतं. प्रत्येक धारेगणिक ते आखूड आणि जाड होत जातं. मग जोर लावून घुसवायचं आणि मांस सोलायचं. याला काटकसर म्हणत असाल तर म्हणा.

पोलादी

कातरवेळ, तुम्ही सांगताय ते वाईट कारागिरीचे दोष आहेत. सुरी-कात्रीवाल्याच्या कोरड्या ग्राइंडरवर निपर दिला तर तो मरणारच. घर्षणाने पातळ कड क्षणात तापते आणि पोलादाचं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरतं. स्टेनलेसवर निळा-तपकिरी रंग दिसेपर्यंत तर तापमान फार पुढे गेलेलं असतं. त्यामुळे रंग नाही म्हणजे कड शाबूत, असंही समजू नका. काम सावकाश, पाण्याखाली किंवा हाताने बारीक दगडावर व्हायला हवं. मूळ कोन राखून दोन्ही जबड्यांतून सारखाच धातू काढायचा, शेवटी कडेवर उलटलेली बारीक कोर काढून टाकायची. एकाच जबड्यातून काढला की कडा मध्यरेषेवर भेटत नाहीत.

कडेला कार्बाइडच्या (पोलादाहून कठीण पदार्थाच्या) पट्ट्या बसवलेल्या निपरला साधा दगड दाखवूच नये. कार्बाइड हिऱ्याच्या चाकावरच नीट घासलं जातं, आणि तेही पट्टीला टवका नसेल तर. टवका मोठा असेल तर पट्टी बदलणं किंवा निपर बदलणं, एवढंच उरतं.

निर्जंतुक

मूळ गुन्हेगार सोडून सगळे दगडाबद्दल भांडतायत. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं यंत्र! १३४ अंशांची वाफ रोज दिल्यावर कुठली धार टिकणार? म्हणून मी कोरड्या उष्णतेच्या बाजूचा आहे. १६० अंशांना २ तास, वाफ नाही, गंज नाही.

पोलादी

१३४ अंशांनी पोलादाचं पाणी उतरत नाही. कड खाल्ली जाते ती क्लोराइडने. मिठाच्या पाण्यात भिजवणं, ब्लीचमध्ये बुडवणं, नळाच्या पाण्याने धुऊन तसंच निर्जंतुकीकरणाच्या पाकिटात भरणं, यामुळे स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर फुटतो आणि सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. कडेवर खड्डा म्हणजे धारेला दात पडले. शिवाय मुलामा उडालेलं स्वस्त हत्यार त्याच ट्रेमध्ये असेल तर त्याचा गंज शेजारच्या चांगल्या निपरवर उतरतो. खापर मात्र वाफेवर फुटतं.

कोरड्या उष्णतेत गंज कमी, हे खरं. पण हत्यारांची टोकं तापलेल्या काचेच्या मण्यांत खुपसायची भांडी २३० ते २५० अंशांवर चालतात. टोकाचं पाणी उतरण्याचा धोका तिथे आहे, आणि सांधा तर मण्यांच्या बाहेरच राहतो. ते निर्जंतुकीकरण नव्हेच.

निर्जंतुक

मण्यांचं नाव मी काढलंच नव्हतं, ते माझ्या तोंडी घालू नका. मग रोजच्या वाफेने सांधे आवळतात ते कशाने?

नखशिखांत

मिटून ठेवल्याने आणि चुकीच्या तेलाने. शिवणयंत्राचं तेल घालणारे अजून आहेत! खनिज तेलाच्या थराखाली वाफ पोचत नाही, वर ते भाजून चिकट होतं. वापरल्यावर लगेच ओलं ठेवा, वाळू देऊ नका. सांधा उघडून अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या यंत्रात) धुवा, क्षारविरहित पाण्याने खळबळा, पूर्ण वाळवा, सांध्यात इन्स्ट्रुमेंट मिल्क हे पाण्यात मिसळणारं वंगण सोडा आणि उघड्या स्थितीतच वाफ द्या. बारीक टोकांना वाफ आत सोडणारं टोपण घाला. ट्रेमध्ये टोकं एकमेकांवर आपटतात, धार त्यानेही जाते.

आणि जाड नख एका घासात तोडणं बंद करा. बुरशीने जाड झालेलं नख कोपऱ्यापासून थोडं थोडं कुरतडायचं असतं, आधी ४० टक्के युरियाने मऊ केलं तर आणखी बरं. पूर्ण जबडा भरून पिळलं की कडेला टवका पडतो, सांधा मोकळा होतो. अशा हातात नवा निपरही टिकणार नाही.

कातरवेळ

सांध्यावर, तेलावर, पाण्यावर इतकं बोलणं झालं, माझ्या बारीक टोकांना कुणी हात लावला नाही. पुन्हा विचारतो. टोकाचा २ मिलिमीटर गेल्यावर तो निपर त्या कामाचा राहतो का?

पोलादी

नाही राहत. तिथे तुमचं बरोबर. रुतलेल्या नखाचा निमुळता निपर फार तर एकदा हलकी धार घेऊन सरळ करता येतो, पुढे बदलायचाच. जाड नखांच्या दुहेरी स्प्रिंगच्या निपरला मात्र हा हिशेब लावू नका. तिथे जबड्यात धातू भरपूर असतो.

कातरवेळ

जाड नखांच्या निपरबद्दल मानतो, पण अटकाव घासून, उजेडाची आणि कागदाची परीक्षा देऊन परत आला तरच. खड्डे पडलेला, जबड्याला चीर गेलेला किंवा खिळा पुन्हा ठोकूनही डुलणारा निपर कुणी धारेला पाठवत असेल तर मी विरोधच करणार. आणि एकदाच वापरायचे निपर, ज्यांच्या पाकिटावर फुली मारलेला २ असतो, त्यांना धार लावणाऱ्यांशी मला वादही घालायचा नाही.

निर्जंतुक

कारागिराकडे पाठवताना निपर निर्जंतुक करून पाठवता ना? तो उघड्या हाताने कड चाचपतो.

नखशिखांत

धुऊन, निर्जंतुक करूनच पाठवायचा. परत आल्यावरही थेट पाकिटात घालायचा नाही. दगडाची पूड आणि पॉलिशचा मेणकट थर सांध्यात बसलेला असतो. आधी डिटर्जंट, मग अल्ट्रासॉनिक, भिंगाखाली कड बघा, कागद कापा, पुन्हा धुवा, मग वाफ. निपरवर खूण करून किती वेळा धार लावली याची नोंद ठेवा. टोकाची लांबी नव्या निपरशेजारी ठेवून मोजा, म्हणजे बदलायची वेळ अंदाजाने ठरवावी लागणार नाही.